सुट्या सेन्सरची दोनशे वर्षं

तापमान मोजणारी जी छोटी बोर्डं हल्ली मिळतात, त्यांतल्या काहींत एक चांगली सोय असते. एका टोकाला यूएसबीचा कनेक्टर, मध्ये कंट्रोलर आणि दुसऱ्या टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा सेन्सरचा तुकडा. कंट्रोलर आणि सेन्सर यांच्या मध्ये बारीक छिद्रांची एक ओळ. त्या ओळीवर बोर्ड वाकवलं की तुकडा सुटा होतो आणि मग तो आर्डुइनोला जोडा, रास्पबेरी पायला जोडा, नाहीतर स्वतः बनवलेल्या पॅनेलला. शिकाऊ मुलांना ही आजची युक्ती वाटते. माझी नोकरी भोसरी-चाकणच्या भट्ट्यांवर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून झाली, त्यामुळे मला त्या छिद्रांच्या ओळीमागे आमच्या धंद्याची दोनशे वर्षं दिसतात. मोजणारा भाग आणि वाचणारा भाग वेगळे करायला माणसाला पुष्कळ काळ लागला. वेगळे केलेले भाग पुन्हा जोडताना काय काय आधी ठरवून घ्यावं लागतं, हे कळायला तर त्याहून जास्त.

आधी मोजणारा आणि वाचणारा एकच होता: माणूस. लोहार लोखंडाचा रंग बघून पाणी द्यायची वेळ ठरवायचा. काळपट लाल, गडद लाल, नारिंगी, पिवळा. नजर पक्की असेल तर काम उत्तम व्हायचं, पण ती नजर दुसऱ्याला देता येत नव्हती आणि उन्हात तीच नजर फसायची. इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड या कुंभकामाच्या कारखानदाराने १७८२ मध्ये यावर उपाय मांडला. मातीच्या ठरावीक मापाच्या गोट्या भट्टीत ठेवायच्या, बाहेर काढायच्या आणि किती आकसल्या ते मोजपट्टीच्या खाचेत घालून बघायचं. गोटी आत गेली, माणूस बाहेर राहिला, इथवर प्रगती झाली. पण भट्टी आत्ता किती तापली आहे हे मात्र गोटी बाहेर आल्यावरच कळायचं.

तार आली आणि हे बदललं. १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थॉमस सीबेकने दोन वेगळ्या धातूंचा बंद वळसा केला, एक सांधा तापवला आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. त्याला वाटलं, उष्णतेने चुंबकत्व तयार झालं. प्रत्यक्षात वळशातून वीज वाहत होती. आजचा थर्मोकपल तो हाच. त्याच्या दोन तारा भट्टीच्या आत एकमेकींना वितळवून जोडलेल्या असतात आणि त्यांची मोकळी टोकं बाहेर मीटरला लागतात.

दुसरी वाट धातूच्या रोधाची. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. याचा धंद्यात पहिला ठळक उपयोग झाला तो जहाजावर. १८६०च्या सुमारास समुद्राखालून टाकायची तारायंत्राची केबल जहाजांच्या टाक्यांत गुंडाळून ठेवलेली असे. अशी एक केबल रंगून-सिंगापूर मार्गासाठी ठरली होती, शेवटी ती माल्टा-अलेक्झांड्रिया मार्गावर टाकली गेली. ती आतल्या आत तापत असल्याचा संशय होता. केबलभोवतीचं गटापर्चाचं आवरण उष्णतेने मऊ पडतं, म्हणजे काही शे मैलांचा माल फुकट. ढिगाच्या पोटात थर्मामीटर घालून वाचणार कसं? विल्यम सीमेन्सने तारेची वेटोळी केबलच्या थरांमध्ये पुरली, त्यांची टोकं वर आणली आणि त्यांचा रोध मोजून आतलं तापमान काढलं. मोजणारा तुकडा मालाच्या पोटात, वाचणारा डेकवर. सुट्या सेन्सरची खरी सुरुवात मी इथून धरतो.

सीमेन्सने पुढे प्लॅटिनमची तार वापरली आणि १८७१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यावर व्याख्यान दिलं. पण त्याची उपकरणं भट्टीत वापरल्यावर बदलायची. थंड करून पुन्हा शून्याला आणली तरी शून्य दाखवायची नाहीत. ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८७४ मध्ये हा दोष नोंदवला आणि प्लॅटिनमवरचा लोकांचा विश्वास उडाला. तो परत मिळवला ह्यू कॅलेंडर या केंब्रिजच्या तरुणाने. प्लॅटिनमचा दोष नव्हता. सीमेन्सच्या उपकरणातला मातीचा साचा आणि लोखंडी नळी यांच्यामुळे तार बिघडत होती. कॅलेंडरने तार अभ्रकाच्या चौकटीवर ताण न देता गुंडाळली, आणि १८८७ मध्ये त्याचा निबंध छापून आल्यावर प्लॅटिनम थर्मामीटर पुन्हा मानाने उभा राहिला.

तरी मोजणारा आणि वाचणारा यांच्यामधली वायर हा प्रश्न उरलाच. आम्ही ज्याला पीटी हंड्रेड म्हणतो, त्या प्लॅटिनमच्या सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशांना १३८.५ ओहम असतो. एका अंशाला जेमतेम ०.३९ ओहम. आता पॅनेल भट्टीपासून ५० मीटरवर आहे आणि अर्ध्या स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली आहे असं धरा. जाऊन-येऊन १०० मीटर वायर, तिचा स्वतःचाच रोध साडेतीन ओहम. म्हणजे भट्टी आहे त्यापेक्षा नऊ अंश जास्त तापलेली दिसणार आणि उन्हाळ्यात शेडचा पत्रा तापला की आणखी थोडी. यावर सीमेन्सनेच १८७१ मध्ये उपाय सांगितला होता, तिसरी वायर. सेन्सरच्या एका टोकाला दोन वायरी जोडायच्या, त्यांच्यावरून वायरीचा रोध कळतो आणि तो वजा करता येतो. आजही आरटीडीच्या, म्हणजे अशा रोधावर चालणाऱ्या सेन्सरच्या, डोक्यातून दोन लाल आणि एक पांढरी अशा तीन वायरी निघतात. नवा मुलगा विचारतो, दोन लाल एकाच ठिकाणी जोडलेल्या आहेत, एक कापून टाकू का? त्याला मी सीमेन्सची गोष्ट सांगतो.

थर्मोकपलची अडचण आणखी नाजूक. १९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्शने निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. निकेलच्याच घराण्यातल्या क्रोमेल आणि अॅल्युमेल या दोन तारांची जोडी म्हणजे आमचा के-टाइप. एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. पण थर्मोकपल तापमान सांगत नाही, दोन टोकांतला फरक सांगतो. त्याच्या डोक्याजवळ ७० अंश असतील, पॅनेलमध्ये ३०, आणि मध्ये साधी तांब्याची वायर टाकली तर ते ४० अंश हिशोबातून नाहीसे होतात. म्हणून मधली वायरही त्याच जातीची लागते. तिला आम्ही कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणतो.

आता या केबलचे रंग. अमेरिकेत के-टाइपची पिवळी पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह. जुन्या जर्मन पद्धतीत लाल पॉझिटिव्ह, हिरवी निगेटिव्ह. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी आणि निळी. पुढे आंतरराष्ट्रीय मानकाने हिरवी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह ठरवली. पण आपल्याकडे कारखान्यांत भट्टी एका देशाची, केबल दुसऱ्या रंगांची आणि मेकॅनिक शिकला तिसऱ्याच पुस्तकातून. एका कारखान्यात जर्मन भट्टीला अमेरिकी रंगांची केबल लावून ठेवली होती, आणि कुणीतरी लालला लाल जोडली होती. मीटरच्या टोकाला पुन्हा उलटापालट करून काटा सरळ आणलेला. वरवर सगळं ठीक. प्रत्यक्षात भट्टी ८६० अंशांवर असताना कंट्रोलर ७८० वाचत होता, कारण डोकं आणि पॅनेल यांच्यातला ४० अंशांचा फरक मिळवला जायच्या ऐवजी वजा होत होता, म्हणजे एकूण ८० अंशांची चूक. कंट्रोलर बिचारा आपलं काम इमानाने करत होता, अजून ताप द्या म्हणत होता. गिअरच्या पोलादाचे कण वाढले आणि अख्खी बॅच ठिसूळ निघाली.

अशा वेळी रंगावर विश्वास न ठेवता तारेला विचारायचं, हे माझ्या वस्तादांनी शिकवलं. अॅल्युमेलची तार चुंबकाला चिकटते, क्रोमेलची चिकटत नाही. खिशात बटणाएवढा चुंबक ठेवायचा, तार सोलायची, टेकवायचा. चिकटली ती निगेटिव्ह. चुंबकाला देश नसतो, त्यामुळे ही खूण सगळीकडे चालते. मी आजही टूलबॉक्समध्ये टेस्टरशेजारी चुंबक ठेवतो आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांनाही ठेवायला लावतो.

इतक्या बारीक खटपटी टाळायच्या म्हणून विसाव्या शतकात कारखान्यांनी एक समान भाषा ठरवली. आधी ती हवेची होती. तांब्याच्या बारीक नळीतून ३ ते १५ पीएसआय दाब जायचा, तीन म्हणजे मोजपट्टीचा तळ, पंधरा म्हणजे माथा. पुढे त्याच धर्तीवर विजेचा प्रवाह आला, ४ ते २० मिलिअँपिअर. अमेरिकेतल्या इन्स्ट्रुमेंट सोसायटीने १९७५ मध्ये त्याचं मानक काढलं. यात दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. प्रवाह वायरीत सगळीकडे सारखाच असतो, म्हणून पॅनेल लांब असल्याने माप बदलत नाही. आणि तळ शून्यावर न ठेवता चारवर ठेवल्यामुळे वायर तुटली की शून्य येतं आणि लगेच कळतं. ज्या दिवशी हे ठरलं, त्या दिवसापासून एका कंपनीचा ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचं माप या प्रवाहात बदलणारा भाग, दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरला बिनधास्त लावता येऊ लागला. आमच्यासारख्यांची रोजीरोटी या एका करारावर उभी राहिली.

मोजणारा आणि वाचणारा वेगळे करण्यात हवामान खात्याचीही वाट हीच. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथे वर्षानुवर्षं माणूस ठरलेल्या वेळी उठून पांढऱ्या जाळीच्या पेटीपर्यंत जायचा आणि पारा वाचायचा. आता स्वयंचलित केंद्रांत सेन्सर पेटीत राहतो आणि आकडे लॉगरमध्ये जमा होतात.

चिपचा काळ आला तेव्हा सेन्सर आणि वाचणारा पुन्हा जवळ आले. नॅशनल सेमिकंडक्टरचा एलएम ३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. २८ अंशांना २८० मिलिव्होल्ट, गुणाकार-भागाकाराची गरजच नाही. तपकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून तो आणून कितीतरी इंजिनिअरिंगच्या मुलांनी आपलं पहिलं प्रोजेक्ट केलं. पण व्होल्टेज वायरीत गोंगाट पकडतं, म्हणून सेन्सरनेच आकडा तयार करून पाठवावा ही कल्पना पुढे आली.

त्यासाठी लागणारी भाषा टीव्हीतून आली. १९८२ मध्ये हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने टीव्हीच्या आतल्या चिप्स एकमेकींशी बोलाव्यात म्हणून आय-टू-सी नावाची पद्धत काढली. दोनच वायरी, एक एसडीए म्हणजे आकडे नेणारी, दुसरी एससीएल म्हणजे ताल देणारी. दोन्ही वायरी रोधाने वर ओढून ठेवायच्या, ज्याला बोलायचं असेल त्याने खाली खेचायच्या. प्रत्येक चिपला पत्ता. त्यावर नॅशनलचाच एलएम ७५ आला, संगणकाच्या मदरबोर्डचं तापमान बघायला. त्याचा पत्ता हेक्स ४८ पासून सुरू होतो आणि तीन पिना खालीवर जोडून आठ सेन्सर एकाच जोडवायरीवर बसवता येतात. टेक्सासमधल्या डॅलस सेमिकंडक्टरने तर एका वायरीत काम भागवलं. त्यांच्या डीएस १८बी२० च्या प्रत्येक नगावर कारखान्यातच वेगळा ६४ बिटांचा क्रमांक कोरलेला असतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला. हा सेन्सर चालू झाल्याझाल्या विचारलं तर ८५ अंश सांगतो, कारण पूर्ण माप घ्यायला त्याला पाऊण सेकंद लागतो आणि तोवर तो नोंदवलेला आरंभीचा आकडा देतो. हे माहीत नसलेले लोक चांगला सेन्सर फेकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

इटलीच्या इव्रेया गावात २००५ मध्ये आर्डुइनो जन्माला आला आणि सेन्सर जोडणं विद्यार्थ्यांच्या हातात आलं. त्याच्या पिनांच्या दोन ओळींपैकी एकीत सात आणि आठ क्रमांकांच्या मध्ये जागा जरा जास्त आहे. आराखडा काढताना झालेली ती चूक. पण तोवर लोकांनी त्या मापाची बोर्डं बनवली होती, म्हणून ती तशीच ठेवली आणि आज सगळं जग ती पाळतं. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला. तो ३.३ व्होल्टचा, जुना आर्डुइनो ऊनो ५ व्होल्टचा. एकाचा सेन्सर दुसऱ्याला लावताना मध्ये व्होल्टेज बदलणारा तुकडा लागू लागला. छोट्या चार पिनांच्या कनेक्टरचीही घराणी झाली. सीड कंपनीच्या ग्रोव्हमध्ये पिनांतलं अंतर दोन मिलिमीटर, स्पार्कफनच्या क्विकमध्ये एक. वायरींच्या रंगांचं जुनं भांडण इथेही आहे, फक्त लहान झालं. क्विकमध्ये आकड्यांची वायर निळी, ग्रोव्हमध्ये पांढरी. तालाची दोघांतही पिवळी.

छिद्रांच्या ओळीची गरज या चिपांच्या अचूकपणानेच निर्माण केली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमपी ११७ हा सेन्सर उणे २० ते ५० अंशांपर्यंत ०.१ अंशाच्या आत खरं सांगतो. इतका अचूक सेन्सर यूएसबीच्या चिपशेजारी बसवला तर तो हवेचं तापमान न सांगता त्या चिपचं सांगतो, कारण बोर्डवरचं तांबं उष्णता वाहून आणतं. म्हणून त्याच्याभोवती खाचा कापतात, मानेसारखा अरुंद भाग ठेवतात, आणि हवं तर तोडून दूर नेता यावं म्हणून छिद्रांची ओळ पाडतात. सीमेन्सने वेटोळं केबलच्या ढिगात पुरलं त्यामागे हेच होतं: जिथलं तापमान हवं तिथे सेन्सर, बाकी सगळं लांब.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीतला डिप्लोमाचा मुलगा असाच तोडलेला तुकडा घेऊन आला. हेडर पिना सोल्डर केल्या होत्या, वायरी बरोबर, पत्ता हेक्स ४८ ला उत्तर येत होतं. प्रोग्राम त्याने जुन्या एलएम ७५ साठीचा वापरला होता.

“काका, हा पुण्यात एप्रिलमध्ये १८ अंश दाखवतोय. तोडताना खराब झाला का?”

मी भिंतीवरचं पाऱ्याचं थर्मामीटर बघितलं, ३६.

“बाळा, सेन्सर चांगला आहे. तू त्याच्या आकड्याला कितीने भागतोस ते सांग.”

तो २५६ ने भागत होता. एलएम ७५ चं ते बरोबर आहे. टीएमपी ११७ चा पत्ता तोच, तापमानाचं रजिस्टरही तेच शून्य क्रमांकाचं, पण आकड्याचा एक एकक अंशाचा १२८ वा भाग, म्हणजे भागायचं १२८ ने. छत्तीसचे बरोबर अठरा होतात. दोघांचा पत्ता सारखा, त्यामुळे जोडणी झाली असं वाटतं आणि निम्मं तापमान मिळतं. लालला लाल जोडून भट्टी बिघडवण्याचा हा नवा प्रकार आहे. मग मी त्याला रजिस्टर शून्य एफ वाचायला लावलं. तिथे ०११७ आलं. सेन्सर आपलं नाव स्वतः सांगत होता, विचारणारं कुणी नव्हतं. के-टाइपच्या तारेला चुंबक लावायचा, त्याचंच हे आजचं रूप, आणि माझ्या पिढीच्या कामात ते नव्हतं याची मला खंत वाटते.

या सगळ्यातून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. दोन भाग जोडणारी वायर ही जोडणीतली सर्वांत सोपी गोष्ट. खरी जोडणी होते ती आधी झालेल्या समजुतीवर. कुठला रंग कशाचा, किती व्होल्ट, तळ कुठे, पत्ता काय, आकड्याचा अर्थ काय. ज्या काळात ही समजूत लिहिलेली होती, त्या काळात कुणाचाही सेन्सर कुणाच्याही कंट्रोलरला चालला आणि लहान दुकानदार, मेकॅनिक, विद्यार्थी सगळे त्यावर जगले. जिथे ती कुणाच्या तरी डोक्यातच राहिली, तिथे माल फुकट गेला.

आमच्या जुन्या लोकांची एक रीत होती. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायचा आणि त्यावर लिहायचं: सेन्सर कुठल्या जातीचा, केबलचे रंग कोणते, रेंज किती, शेवटची तपासणी कधी. नोकरी बदलली, माणूस गेला, तरी पुढच्याला दार उघडल्यावर सगळं कळायचं. ही रीत आता मोडत चालली आहे, कारण सगळं प्रोग्राममध्ये आहे असं म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा गेला की तेही जातं. म्हणून मी शिकवतो त्या मुलांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरतो. तुकडा तोडण्याआधी त्याच्या पाठीवर न पुसणाऱ्या पेनाने व्होल्ट, पत्ता आणि भाजक लिहा. आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी सेन्सरला त्याचं नाव विचारा. आयटीआय आणि डिप्लोमाच्या प्रयोगवहीत या दोन ओळी पहिल्या पानावर यायला हव्यात, आणि जो शिक्षक त्या लिहून घेईल त्याच्या मुलांच्या हातून भट्टी बिघडणार नाही, हे मी या धंद्यातल्या अनुभवावरून ठामपणे सांगतो.